बंद घराचा कुबट वास: एका घराचा तपास

घर सात महिने बंद होतं. मालक म्हणजे एक निवृत्त जोडपं, आमच्या नात्यातले काका-काकू. मुलाकडून परतल्यावर त्यांनी दार उघडलं तेव्हा आत कुबट वास कोंडलेला होता, पण त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. बंद घर म्हटलं की एवढं असायचंच. खिडक्या उघडल्या, फरशी दोनदा पुसली, पंखे लावले. संध्याकाळपर्यंत वास पुष्कळ कमी झाला. सकाळी उठून पाहावं तर पुन्हा जसाच्या तसा. दिवसा जायचा आणि रात्रीतून परतायचा, असं कित्येक आठवडे चाललं.

घरातली ओल आणि हवा हा माझ्या अभ्यासाचा विषय, म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी पोचले तोवर घरात उपायांची दाटी झाली होती. प्रत्येक खोलीत खाण्याच्या सोड्याची वाटी, कपाटांत मिठाच्या पुरचुंड्या, टेबलावर सुगंधी मेणबत्त्या, खिडकीशी नव्या कुंड्या, स्वयंपाकघरात अर्धा चिरून ठेवलेला कांदा. काकूंना दमा आहे. त्यामुळे बाजारातले फवारे घरात नकोत, हा त्यांचा आग्रह होता आणि तो अगदी योग्य होता. "नैसर्गिक उपायांनी जाईल का, तेवढंच सांग," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "जाईल काकू, पण आधी तो येतो कुठून ते शोधू. वाट्या तोवर बाजूला ठेवा."

वास म्हणजे कुठल्या तरी वस्तूतून सुटलेले, हवेत तरंगणारे रेणू. खिडकी उघडली की ते बाहेर जातात. तरीही रात्रीतून वास पुन्हा भरत असेल, तर घरात काहीतरी ते रेणू सतत तयार करत आहे. ते सापडेपर्यंत खोलीच्या मध्यावर ठेवलेली कोणतीही वाटी पुरी पडत नाही, मग तिच्यात काहीही असो. घरगुती उपाय कुचकामी ठरतात ते बहुधा इथेच. उपाय वाईट नसतो, तो चुकीच्या जागी आणि चुकीच्या रेणूवर लावलेला असतो.

शोध घेताना पहिली अडचण आपल्याच नाकाची. एकाच वासात काही मिनिटं राहिलं की नाक त्याला सरावतं आणि मेंदूपर्यंत खबर पोचेनाशी होते. काका-काकूंना वास फक्त सकाळी उठल्यावर किंवा बाहेरून आल्यावर जाणवायचा, त्याचं एक कारण हेच. म्हणून घरातल्या सगळ्या खोल्यांची दारं आणि खिडक्या एका रात्रीपुरती बंद करायला सांगितली, म्हणजे प्रत्येक खोलीचा वास तिथेच साठेल. सकाळी मी एकेक दार उघडून आत डोकवायची, आणि पुढच्या खोलीआधी बाहेरच्या मोकळ्या हवेत थोडा वेळ थांबायची. जमिनीलगत, गुडघ्याच्या उंचीवर आणि कपाटांच्या मागे असा वेगवेगळ्या पातळ्यांवर वास घेतला. शंका असलेल्या लहान वस्तू, म्हणजे टॉवेल, उशीची खोळ, पायपुसणं, वेगवेगळ्या स्वच्छ पिशव्यांत बांधून रात्रभर ठेवल्या आणि सकाळी उघडून हुंगल्या. ही पिशवीची युक्ती फार उपयोगाची आहे. खोलीभर पसरलेल्या वासात जे ओळखू येत नाही ते पिशवीत लगेच ओळखू येतं.

तेव्हा लक्षात आलं की आपण ज्याला एक वास म्हणत होतो ते निदान तीन वास होते. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये सडक्या अंड्यासारखा, आतल्या झोपायच्या खोलीत ओल्या मातीसारखा, आणि फ्रिजपाशी आंबट-खवट. बाहेरच्या खोलीत तिन्ही मिसळून नुसता कुबटपणा उरायचा.

बाथरूमचं काम सर्वांत सोपं निघालं. सांडपाण्याच्या प्रत्येक वाटेवर पाणी अडून राहील असा एक वळसा असतो. फरशीतल्या जाळीखाली असतो त्याला प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात. त्यात साधारण ५० मिलिमीटर खोल पाणी कायम उभं असतं आणि तेच ड्रेनेजमधली हवा घरात येऊ देत नाही. बाथरूम वापरात नसेल तर हे पाणी काही आठवड्यांत उडून जातं. इथे तर सात महिने गेले होते. काकू परतल्यावरही ते बाथरूम कुणी वापरलं नव्हतं, त्यामुळे ट्रॅप कोरडाच राहिला. अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. हवेच्या अब्ज भागांत त्याचे मोजके भाग असले तरी नाकाला कळतात, त्यामुळे थोडीशी गळतीही घरभर जाणवते.

यात एक गुंता होता. वास घालवण्यासाठी काका रोज स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा तासन् तास चालू ठेवत, आणि थंडावा जाऊ नये म्हणून खिडक्या लावून घेत. पंखा हवा बाहेर फेकतो तेव्हा तेवढीच हवा कुठून तरी आत यावी लागते. खिडक्या बंद, मग ती त्या कोरड्या ट्रॅपमधून येत होती. म्हणजे ज्या पंख्याने वास काढायचा, तोच ड्रेनेजची हवा घरात ओढत होता. ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओतलं आणि त्याच दिवशी हा वास संपला. जाळी उचलून आतला केसांचा आणि साबणाचा चिकट थर ब्रशने घासून काढला, कारण पाणी असलं तरी त्या थराचा स्वतःचा वास असतोच. घर पुन्हा बंद करायचं झालं तर ट्रॅपच्या पाण्यावर थोडं मिनरल ऑइल सोडलं की बाष्पीभवन पुष्कळ मंदावतं. खाद्यतेल नको, ते कालांतराने खवट होतं.

काकूंनी याच जाळीत आधी सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून पाहिलं होतं. फसफस पाहून काम होतंय असं वाटतं. प्रत्यक्षात सोडा अल्कधर्मी आणि व्हिनेगर आम्ल. दोघं एकमेकांना निकामी करतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे सोडियम ॲसिटेटचं पाणी राहतं, जे फारसं काहीच करत नाही. दोन्ही पदार्थ गुणी आहेत, पण वेगवेगळे वापरले तरच.

खरा मुद्दा आतल्या खोलीचा होता. बाहेरच्या भिंतीला टेकून लाकडी कपाट उभं होतं, मधे बोटही जाणार नाही इतकं चिकटून. समोरून सगळं स्वच्छ. आम्ही कपाट ओढून पुढे घेतलं तेव्हा प्लायच्या पाठीवर आणि भिंतीवर हिरवट-काळ्या बुरशीचे पसरलेले डाग दिसले. काका लगेच म्हणाले, "भिंत झिरपतेय. वॉटरप्रूफिंग करून घ्यावं लागणार." घाई करू नका म्हटलं. भिंतीचा एक भाग कोरडा पुसून त्यावर प्लास्टिकचा पातळ कागद चारही बाजूंनी घट्ट चिकटवला आणि कपाट पुन्हा जागेवर सरकवून दोन दिवस तसंच ठेवलं. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर निवते आहे. थेंब खोलीकडच्या बाजूला होते. वॉटरप्रूफिंगची गरज नव्हती.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण बंद घरांतल्या बहुतेक कुबट वासांचं मूळ इथे असतं. हवा जितकी उबदार तितकी जास्त वाफ ती धरते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांना सुमारे १७ ग्रॅमच. खोलीची हवा भिंत आणि कपाट यांच्यामधल्या थंड फटीत शिरली की तिची धरण्याची ताकद कमी होते, आर्द्रता चढते आणि भिंत ओलसर होते. फटीत वारा नसल्याने ती वाळत नाही. दोन माणसं रात्रभर बंद खोलीत झोपली तर श्वासातून आणि घामातून अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. घर बंद असताना बुरशीने मूळ धरलं आणि परतल्यावर हे रात्रीचं पाणी तिला मिळत राहिलं. वास सकाळी तीव्र असण्याचं कोडं इथे सुटलं. आर्द्रता मोजायच्या छोट्या यंत्राने खोलीच्या मध्यावर साठच्या आसपास टक्के दाखवले, कपाटात सत्तरच्या जरा वर. घरात आर्द्रता ६० टक्क्यांखाली राहिली तर बुरशीला वाढायला अवघड जातं.

मातीसारखा वास मुख्यतः जिओस्मिनचा. काही जिवाणू आणि बुरशा हा रेणू तयार करतात. १९६५ साली तो वेगळा काढला गेला. माणसाचं नाक त्याबाबत विलक्षण तीक्ष्ण आहे, पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे पाच-दहा भाग असले तरी आपल्याला कळतात. त्याच्या जोडीला बुरशीचे अळिंबीसारख्या वासाचे अल्कोहोल असतात.

आता वाट्यांकडे परत येऊ. सोडा काय करतो? हवेतली आम्लं, उदाहरणार्थ नासलेल्या दुधा-लोण्यातलं ब्युटिरिक आम्ल, त्याला भेटली की त्यांचा क्षार बनतो आणि क्षार हवेत उडत नाही, म्हणून वास जातो. जिओस्मिन आम्ल नाही, आणि बुरशीचे अल्कोहोलही नाहीत. त्या खोलीत सोड्याला धरण्यासारखं जवळजवळ काहीच नव्हतं. फ्रिजमध्ये सोड्याचा उघडा डबा ठेवायची सवयही १९७२ मध्ये अमेरिकेतल्या एका सोडा कंपनीच्या जाहिरातीतून रूढ झाली. डब्यातल्या सोड्याचा फक्त वरचा थर हवेला लागतो, त्यामुळे तिथेही परिणाम बेताचाच. मिठाची गोष्ट आणखी स्पष्ट आहे. साधं मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतं ते आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावर. कपाटात त्याहून कमी होती, म्हणून पुरचुंड्या कोरड्या ठणठणीत राहिल्या आणि काकूंना वाटलं की कपाटात ओल नाही. कॅल्शियम क्लोराइड याहून पुष्कळ कोरड्या हवेतूनही पाणी ओढतं. बंद कपाटासाठी तेच घ्यावं, डबी पाण्याने भरली की बदलावी.

व्हिनेगर मात्र या खोलीत उपयोगी पडलं. त्यात ५ टक्क्यांच्या आसपास ॲसेटिक आम्ल असतं. आम्लात जिओस्मिनची रचना बदलून तो वासहीन होतो. मासळीच्या किंवा लघवीच्या वासातल्या अमोनियासारख्या अल्कधर्मी रेणूंवरही ते चालतं. पण बुरशी मारणं पुरेसं नसतं, मेलेल्या बुरशीचे कणही दमेकऱ्याला त्रास देतात. ती काढून टाकावी लागते. त्या दिवशी काकूंना दिवसभरासाठी शेजारी पाठवलं. खोलीचं दार लावून खिडकी उघडी ठेवली. मी आणि काकांनी मास्क आणि हातमोजे घातले. बुरशी कोरडी कधीच खरवडू नये, बीजाणू हवेत उडतात. आधी व्हिनेगर पाणी न मिसळता फवारलं, तासभर राहू दिलं, मग साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसून काढलं आणि फडकी बांधून टाकून दिली. नंतर पंखा लावून भिंत पूर्ण वाळवली. डाग एक चौरस मीटरहून कमी जागेत होते म्हणून हे घरी केलं. त्याहून जास्त असते तर जाणकाराला बोलावलं असतं. आणि संगमरवर किंवा चुनखडीच्या फरशीवर व्हिनेगर चुकूनही पडू देऊ नये, आम्लाने ती झिजते.

भिंतीचा रंग तिथे पोपडे धरून निघाला होता, म्हणून तेवढ्या भागाला चुना लावला. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो, सामू (pH) १२ च्या वर, की बुरशीला त्यावर जगता येत नाही. काळ जाईल तसा तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने सौम्य होत जातो. म्हणजे चुना कायमचं कवच नाही, अधूनमधून पुन्हा लावावा लागतो.

प्लायची पाठ वाचली नाही. बुरशी आतल्या थरांत शिरली होती. काकांचा जीव होईना, पण ती काढून फेकली आणि कपाट भिंतीपासून हातभर पुढे उभं केलं. पाठीऐवजी आता आडव्या पट्ट्या आहेत, मधून हवा खेळते. या प्रकरणात सर्वांत जास्त फरक कशाने पडला असं विचाराल तर मी ही हातभर जागा सांगेन.

याच सुमारास एका हितचिंतकाने सुचवलं, की व्हिनेगरने पुरतं जात नसेल तर ब्लीच मिसळा. इथे मी कडक बोलले. ब्लीचमध्ये कोणतंही आम्ल पडलं की क्लोरिन वायू सुटतो, अमोनिया पडला की क्लोरामाइन. दोन्ही फुप्फुसं जाळतात, आणि घरात दम्याचं माणूस आहे. जिथे व्हिनेगर फवारलं तिथे ब्लीच नको, पाठोपाठही नको.

मेणबत्त्या आणि कुंड्या मी हटवायला लावल्या. सुगंध वास झाकतो, काढत नाही, आणि लिंबू-संत्र्याच्या सुवासातलं लिमोनिन हवेतल्या ओझोनशी संयोग पावून फॉर्मल्डिहाइडसारखे त्रासदायक पदार्थ तयार करतं. "नैसर्गिक तेलाच्या आहेत गं," काकू म्हणाल्या. लिमोनिनही नैसर्गिकच आहे. झाडांबद्दलचा समज १९८९ च्या नासाच्या प्रयोगातून पसरला, पण तो प्रयोग हवाबंद पेट्यांत झाला होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात हिशेब मांडला आहे की साध्या हवेच्या ये-जाइतकं काम करून घ्यायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील. शिवाय कुंडीतली ओली माती स्वतःच वाफ आणि जिओस्मिन सोडते. झाडं हवीत म्हणून जरूर ठेवावीत, पण या खोलीत नको होती.

फ्रिजचं थोडक्यात. तो बंद करून दार लावून ठेवलं होतं. हा आंबट वास आम्लांचाच, त्यामुळे सोड्याला इथे काम मिळालं: कोमट पाण्यात विरघळवून आतून सगळं पुसलं, दाराच्या रबराच्या घड्या जुन्या टूथब्रशने काढल्या, आणि मागे खाली असलेला पाण्याचा ट्रे धुतला. तो ट्रे बहुतेकांना माहीतच नसतो, आणि निम्मा वास तिथून येत होता. उरलेल्यासाठी सक्रिय कोळशाची पिशवी ठेवली. त्याच्या एका ग्रॅममध्ये सूक्ष्म छिद्रांचा मिळून शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग असतो, आणि आम्ल-अल्क असा भेद न करता पुष्कळ रेणू त्यावर चिकटतात. चुलीतला कोळसा तसा नसतो. चिरलेल्या कांद्याची त्यानंतर कुणी आठवण काढली नाही.

कपाटातले कपडे दोनदा धुऊनही कुबट येत होते. उन्हात वाळवले, तरी घातल्यावर घामाने पुन्हा तोच वास. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की कपड्यांच्या या वासामागे मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असतो, आणि तो कोरडेपणा आणि अतिनील किरण दोन्ही बऱ्यापैकी सोसतो. म्हणून नुसत्या उन्हावर विसंबता येत नाही. सोसतील ते सुती कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुतले, लगेच आणि विरळ वाळत घातले. लोकरीचे कपडे इतकं गरम पाणी सोसत नाहीत, त्यांना वाऱ्यावर टांगण्याखेरीज इलाज नव्हता.

सगळे उगम बंद झाले तरी थोडा वास उरलाच, आणि काकू निराश झाल्या. पण हे अपेक्षित होतं. पडदे, गाद्या, भिंतींचा गिलावा, पुस्तकं या सगळ्यांनी महिनोन् महिने वास शोषून घेतला होता आणि आता ते तो हळूहळू परत सोडत होते. दहा मिनिटं खिडकी उघडली की हवा बदलते, भिंती बदलत नाहीत. त्यामुळे रोज समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारा आरपार जाऊ द्यायचा, आणि दुपारी खोल्या तापलेल्या असताना द्यायचा, कारण उष्णतेने शोषलेले रेणू लवकर सुटतात. फक्त एक पथ्य: बाहेर पावसाळी, दमट हवा असेल तेव्हा तासन् तास खिडक्या उघड्या टाकून ओल आत घेऊ नये. आर्द्रतेचं यंत्र आत आणि बाहेर ठेवून पाहायची सवय काकांना लागली आहे. तापमानही बघा म्हटलं, कारण बाहेरची २० अंशांची पूर्ण दमट हवा घरात ३० अंशांना तापली की तिची आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे थंड पहाटेची हवा दमट वाटली तरी घर वाळवते.

वास गेला की नाही हे ठरवायला काका-काकूंचं नाक चालणार नव्हतं, माझंही नाही. त्यांची भाची अधूनमधून यायची, तिला दारातच थांबवून विचारायचं असं ठरलं. पहिल्यांदा तिला "जुन्या पुस्तकांसारखा" वास आला, नंतर फक्त आतल्या खोलीत, आणि पुढे तिथेही नाही. काकूंचा खोकला कमी झाला. त्याचं सगळं श्रेय बुरशी हटण्याला द्यावं का हे मी म्हणणार नाही, त्याच वेळी त्यांची औषधंही बदलली होती.

लोकरीच्या ब्लँकेटांची ट्रंक अजून पूर्ण सुधारलेली नाही. तिच्यात कोळशाच्या पिशव्या आहेत आणि कोरड्या दिवसांत ती गच्चीवर उघडी असते. पुढच्या वेळी मुलाकडे जाताना त्यांनी सगळ्या ट्रॅपमध्ये पाणी आणि वर तेल सोडलं, फ्रिज पुसून दार फडक्याची घडी लावून उघडं ठेवलं, कपाटांची दारं किलकिली केली, आणि किल्ली भाचीकडे दिली, महिन्यातून एकदा येऊन खिडक्या उघडायला आणि प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतायला.